छतावरची पंखधारी बाळे देवदूत असतात का?

युरोपातील महालांच्या आणि चर्चच्या छतांवर रंगवलेली गुबगुबीत, पंखधारी बाळे म्हणजे बायबलमधील करूब नावाचे देवदूतच का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्यांना नाव बायबलने दिले, रूप रोमन प्रेमदेवतेने दिले आणि अर्थ मात्र छतागणिक बदलत गेला.

बायबलमधील करूब बालक नाहीत. उत्पत्तीच्या पुस्तकात ते एदेन बागेच्या वाटेवर पहारा देतात आणि संदेष्टा यहेज्केलच्या दर्शनात प्रत्येकाला चार मुखे व चार पंख आहेत. ते रूप भय वाटावे असेच आहे. गोंडस बालक आले ते रोमन प्रेमदेव क्युपिडच्या परंपरेतून. रोममधील सांता कोस्तान्झा ही चौथ्या शतकातील वास्तू सम्राट कॉन्स्टंटाइनच्या मुलीची समाधी म्हणून ओळखली जाते. तिच्या छतावरील मोझेइकमध्ये अशी बालके द्राक्षे खुडतात, गाडीतून वाहून नेतात आणि तुडवून त्यांचा रस काढतात. मद्यदेव बॅकसच्या भक्ताला हे चित्र जितके ओळखीचे, तितकेच प्रभुभोजनातील द्राक्षारस आठवणाऱ्या ख्रिस्ती माणसालाही. पुढे प्रबोधनकाळात या वास्तूला बॅकसचे मंदिर समजले गेले, ते उगीच नव्हे.

मला सर्वांत प्रिय असलेले छत इटलीतील मांतोव्हाच्या राजवाड्यात आहे. तेथील सत्ताधारी गोंझागा घराण्यासाठी चित्रकार मान्तेन्याने १४६५ ते १४७४ या काळात रंगवलेल्या त्या दालनात माथ्यावर आकाशाकडे उघडणाऱ्या गोल झरोक्याचा भास होतो. कठड्याच्या आतल्या अरुंद कडेवर उघडी बाळे उभी आहेत, काहींनी कठड्याच्या भोकांतून डोकी बाहेर काढली आहेत, आणि खालून पाहणाऱ्याला कुणी आता पडेल की काय, अशी धास्ती वाटते. येथे उपासनेचा लवलेश नाही. सपाट छताला खोली देणे आणि पाहणाऱ्याला खेळात ओढणे हेच त्यांचे काम आहे. याउलट रोमच्या जेझू चर्चमध्ये चित्रकार गाउल्लीने १६७६ ते १६७९ दरम्यान रंगवलेल्या छतावर, येशूच्या नामाक्षरांतून फाकणाऱ्या प्रकाशाभोवती जमलेली बाळे खरोखरच स्वर्गातील आहेत.

तथापि, वास्तू धार्मिक आहे एवढ्यावरून निर्णय करू नये. इटलीतील पार्मा येथील एका मठात, मठाध्यक्षा जोव्हान्ना यांच्या खासगी दालनात, चित्रकार कोरेज्जोने १५१९ मध्ये वेलींच्या मांडवाचे छत रंगवले. त्याच्या लंबगोल झरोक्यांतून डोकावणाऱ्या बाळांजवळ शिकारीची साधने आणि कुत्रे आहेत, कारण खाली शेकोटीच्या वर शिकारीची देवी डायना रथात बसली आहे. ती बाळे तिच्या परिवारातील आहेत.