लफडं पार्टनरच्या बायकोशी, आणि खुन्याला मात्र माफी नाही?

प्रश्न : डॅशियल हॅमेटची 'द माल्टीज फाल्कन' ही डिटेक्टिव्ह कादंबरी नुकतीच वाचली. त्यातल्या सॅम स्पेड ह्या खाजगी डिटेक्टिव्हचं पार्टनरच्या बायकोशी लफडं, पार्टनरचा खून झाला तर हा लगेच ऑफिसवरची पाटी बदलायला सांगतो, आणि शेवटी स्वतःचा जीव जिच्यावर जडलाय त्या खुनी ब्रिजिडलाच पोलिसांच्या ताब्यात देतो. ह्याला तत्त्वं आहेत म्हणायचं की नुसताच बेरकी?

उत्तर : बेरकी तर आहेच हो! पण शेवटचा सीन परत एकदा सावकाश वाचा, तिला सोडणार नाही याची तो एकेक करून सात कारणं मोजून दाखवतो आणि त्यातली बरीचशी चक्क धंद्याची आहेत. पार्टनर मारला गेला की काहीतरी करावंच लागतं, मग तो कसा का असेना (आर्चर नालायक होता, वर्ष संपलं की त्याला हाकलणारच होतो, हेही तोच सांगतो), आपल्याच ऑफिसातल्या माणसाचा खुनी सुटला तर धंद्यात पत राहत नाही, शिवाय आज सोडलं तर उद्या हीच आपल्यावर उलटेल. दुसऱ्या पारड्यात काय, तर कदाचित आपलं एकमेकांवर प्रेम असेल, बस. वर हेही कबूल करतो की घबाड हाती लागलं असतं तर तेही त्या पारड्यात पडलं असतं!! मला हा प्रामाणिकपणा भयंकर आवडतो.

हॅमेट स्वतः पिंकर्टन ह्या खाजगी गुप्तहेर एजन्सीत डिटेक्टिव्ह होता, त्यामुळे त्याच्याकडे तत्त्व म्हणजे कामाचा रिवाज, साधुत्व नाही. रेमंड चँडलर ह्या दुसऱ्या रहस्यकथा-लेखकाचा डिटेक्टिव्ह मार्लो मात्र दिवसाला २५ डॉलर आणि वरखर्च एवढ्यावर काम करतो आणि 'द लाँग गुडबाय'मध्ये (१९५३) मित्राने पाठवलेली ५००० डॉलरची नोट न मोडता तिजोरीत ठेवून शेवटी परत करतो. वाचायला छानच, पण मला तो जरा जास्तच सज्जन वाटतो.

आता हॅमेटचीच 'रेड हार्वेस्ट' (१९२९) घ्या. गावातली गुंडगिरी साफ करायला क्लायंट एका एजन्सीच्या डिटेक्टिव्हला १०,००० डॉलर देतो, मग घाबरून म्हणतो राहू दे आता, पण हा पठ्ठ्या घेतलेलं काम सोडत नाही, गुंडांना आपापसात झुंजवतो, मुडद्यांवर मुडदे पडतात आणि आपल्याला ह्याची चटक लागतेय हे त्याचं त्यालाच कळतं. मग एजन्सीला पाठवायचे रिपोर्ट घाम गाळून गुळमुळीत लिहितो, पण म्हातारा साहेब काही फसत नाही आणि त्याची चांगलीच खरडपट्टी काढतो.