जे विमान पुन्हा उडणार नाही, ते बघायला एवढ्या लांब का जायचं?

तुम्ही विचारलंय, जुनी लढाऊ विमानं आणि निवृत्त प्रवासी विमानं बघायला काही लोक रजा टाकून, रात्रभराचा प्रवास करून जातात. जे पुन्हा कधी उडणार नाही त्यात बघायचं काय? मी त्या लोकांपैकीच एक, गेली बावीस वर्षं. एका विमानाची गोष्ट सांगतो, त्यातच माझं उत्तर आहे.

गोव्यात दाबोळीहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाताना नौदलाचं विमान संग्रहालय लागतं. तिथे उघड्यावर चार इंजिनांचं एक मोठं विमान उभं आहे. अंगाला डॉल्फिनसारखा बाक आणि शेपटीवर एकाऐवजी तीन उभी सुकाणं. (एकच ठेवलं असतं तर ते इतकं उंच झालं असतं की त्या काळच्या हँगरमध्ये विमान शिरलंच नसतं, म्हणून तीन.) हे लॉकहीडचं सुपर कॉन्स्टेलेशन, नौदलाचा नंबर आयएन ३१५. बहुतेक पर्यटक दोन फोटो काढून पुढे समुद्रावर जातात. आमच्यासारखा माणूस मात्र आधी नंबर वहीत उतरवतो. खरी गोष्ट त्या नंबरातून सुरू होते.

नंबर धरून मागे मागे गेलं की कळतं, नौदलासाठी हे विमान बनलेलंच नव्हतं. नौदलाआधी ते हवाई दलात होतं आणि त्याच्याही आधी एअर इंडियात. तेव्हा त्याची नोंदणी व्हीटी-डीएचएम होती आणि नाव होतं ‘रानी ऑफ एलोरा’. आपल्या वेरूळची राणी! एअर इंडियाच्या सगळ्याच सुपर कॉन्स्टेलेशन राण्या होत्या: झाशीची, चितोडची, विजापूरची, एक तर सह्याद्रीची. १९५०च्या दशकात मुंबईहून लंडन, टोकियो, सिडनीला जायचं म्हणजे या राण्यांपैकी एकीत बसायचं. १९६०मध्ये बोइंग ७०७ आलं आणि पंख्यांची विमानं एका झटक्यात जुनी झाली.

दुसऱ्या एखाद्या देशात ही विमानं तिथेच तोडली गेली असती. आपल्याकडे ती हवाई दलाला मिळाली, समुद्रावर लांबवर टेहळणी करायला. १९७६मध्ये हे काम नौदलाकडे गेलं, तेव्हा विमानंही नौदलात गेली आणि ऐंशीच्या दशकापर्यंत उडत राहिली. ज्या अंगाने कधी काळी प्रवाशांना लंडनला नेलं, त्याच अंगाने नंतर अरबी समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घातल्या. मला तिथे उभं राहून हे दिसतं, आणि दर वेळी भरून येतं.

आपल्याकडे जुनी विमानं उरली ती बव्हंशी अशीच, कामाला जुंपून ठेवल्यामुळे. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे लिबरेटर बॉम्बर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ही विमानं १८,०००हून जास्त बांधली, आणि युद्ध संपल्यावर जवळजवळ सगळी वितळवून टाकली. कानपूरच्या चकेरी तळावर ब्रिटिशांची बरीच लिबरेटर होती. अमेरिकेशी झालेल्या करारामुळे ती चालू स्थितीत मागे सोडायची नव्हती, म्हणून जाताना त्यांनी ती मुद्दाम मोडली. उपकरणं फोडली, इंजिनांत वाळू ओतली. १९४८मध्ये बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान कारखान्याच्या माणसांनी त्याच ढिगातून चाळीसच्या आसपास विमानं पुन्हा उभी केली. उडण्यापुरती दुरुस्ती झाली की एकेक विमान जमशेद मुन्शी या वैमानिकाने बंगळुरूला नेलं. वाळू खाल्लेली इंजिनं, कुणीतरी हातोड्याने फोडलेली उपकरणं, आणि एवढा लांबचा पल्ला! विमानांच्या जगात यापेक्षा मोठ्या हिमतीच्या गोष्टी मी फार ऐकलेल्या नाहीत.

ही लिबरेटर १९६८पर्यंत आपल्या हवाई दलात होती, आणि शेवटी ६ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये त्यांच्या जोडीला आल्या त्या याच राण्या. तोवर जगभरच्या संग्रहालयांच्या लक्षात आलं होतं की हे विमान शोधूनही सापडत नाही, आहे ते भारतात. एक कॅनडाला गेलं, त्याच्या बदल्यात त्यांनी आपल्याला लायसँडर विमान दिलं. ते दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे. एक १९६९मध्ये ॲरिझोनात गेलं, एक १९७४मध्ये ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला. आज तिकडे लोक ज्या लिबरेटरपुढे उभे राहतात, ते कानपूरच्या ढिगातून उठलेलं आहे.

गोव्याच्या त्याच आवारात शॉर्ट सीलँड नावाचं एक छोटं विमान आहे, पाण्यावर आणि धावपट्टीवर दोन्हीकडे उतरणारं. १९५३मध्ये नौदलाने घेतलेली ही पहिली विमानं. जगात एकूण बनली सुमारे २५, उरली तीन: बेलफास्ट, बेलग्रेड आणि गोवा. गेलात तर ते चुकवू नका.

आता ‘बघायचं काय’ याचं नेमकं उत्तर. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर मी तिथे गेलो होतो. साधारण पंचाहत्तरीचे एक गृहस्थ सुपर कॉन्स्टेलेशनच्या पंखाखाली बराच वेळ मान वर करून उभे होते. बोलता बोलता कळलं, ते नौदलात इंजिन मेकॅनिक होते, याच विमानांवर. मी म्हटलं, “काका, हे इंजिन कसं होतं?” त्यांनी बोटं मोजत हिशोब मांडला. एका इंजिनाला १८ सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग, म्हणजे ३६. चार इंजिनं, म्हणजे १४४. शिवाय धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरणाऱ्या तीन छोट्या टर्बाइन प्रत्येक इंजिनाला, त्यांचा जोर परत इंजिनालाच मिळायचा. “रात्री प्लग बदलायला बसलो की पहाट व्हायची,” ते म्हणाले, “आणि सकाळी चारही इंजिनं एकसुरात लागली की झोप कुठल्या कुठे.”

मग त्यांनी मला पंखाखालून डावीकडच्या बाहेरच्या इंजिनापाशी नेलं आणि त्याचं झाकण कुठून उघडायचं ते दाखवलं. कडी बघायला त्यांना वर बघावंच लागलं नाही.