केवडा, भुरी आणि वर्गीकरणाचा प्रश्न

तुमचा प्रश्न असा, की स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1735 मध्येच सजीवांचे गट पाडले, डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक आलं 1859 मध्ये. मग वर्गीकरणाला उत्क्रांती हवीच कशाला? प्रश्न रास्त आहे. दिंडोरीचे आहात म्हणालात, तर द्राक्षबागेतूनच सांगतो.

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की पानावर तेलकट पिवळे डाग पडतात. पान उलटून बघा, खाली पांढरी लव असते. हा केवडा, म्हणजे आपली डाऊनी. पाऊस गेला, हवा नुसती ढगाळ राहिली, की पानांवर आणि मण्यांवर राख भुरभुरल्यासारखी भुरी येते. दोन्ही रोग पांढरे, दोन्ही बीजाणूंनी पसरणारे. दिसण्यावर जाऊन जुन्या अभ्यासकांनी दोन्ही कवकांतच, म्हणजे बुरशींतच टाकले होते.

वंशावळ मात्र वेगळंच सांगते. भुरी ही खरी बुरशी, पेशीभित्तीत कायटिन (कीटकांच्या कवचातलं द्रव्य) असलेली. केवड्याच्या भित्तीत वनस्पतींसारखं सेल्युलोज असतं. त्याच्या बीजाणूंना शेपट्या फुटतात आणि ते पानावरच्या पाण्यात चक्क पोहतात. डाऊनीला ओलं पान लागतं ते म्हणूनच. त्याचे जवळचे नातलग म्हणजे समुद्रातली तपकिरी शैवालं आणि डायटम ही सूक्ष्म एकपेशी शैवालं. भुरी तर केवड्यापेक्षा तुमच्या-माझ्या जवळची!

याचा हिशेब फवारणीत लागतो. भुरीवरचं औषध हेक्साकोनॅझोल बुरशीची अर्गोस्टेरॉल (तिच्या पेशीपटलाला लागणारं द्रव्य) बनवण्याची प्रक्रिया अडवतं. केवडा ते बनवतच नाही, मग अडवणार काय? उलट मेटालॅक्झिल हे दुसरं औषध डाऊनीवर चालतं, भुरीवर नाही. डब्यावर दोन्हीकडे ‘बुरशीनाशक’च छापलेलं असतं, ते सोडा.

लिनियसला गटांत गट बसताना दिसले. ते तसे का बसतात, याचं उत्तर डार्विनने दिलं: समान पूर्वज. पुढे 1950 मध्ये जर्मन कीटकशास्त्रज्ञ हेनिगने नियम कडक केला. गट म्हणजे एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज, कोणाला वगळायचं नाही. त्यामुळे पक्ष्यांना बाहेर ठेवून ‘सरपटणारे’ हा गट पुरा होत नाही. नांदूरमध्यमेश्वरचा बगळा मगरीला पालीपेक्षा जवळचा आहे. कुळ, गण या वर्गीकरणाच्या पायऱ्या मात्र माणसाने सोयीसाठी ठरवलेल्या, त्यांवर फार डोकं घालवू नका.

व्हिटेकर या शास्त्रज्ञाची पंचसृष्टी, म्हणजे सजीवांचे पाच मोठे गट पाडणारी पद्धत, 1969 ची आहे आणि तिच्यात केवड्याचा गट कवकांतच आहे. परीक्षेत तीच विचारली तर तीच लिहा. बागेत औषध निवडताना नको.