मशीनं अडीच लाखांची, गाळा दहा लाखांचा

प्रश्न : माझं वय ५३. गेल्या वर्षी कंपनीतून व्हीआरएस घेतली. मुलुंडला चौथ्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये राहतो. वडील पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनवणारे होते, त्यामुळे लाकूडकामाची आवड लहानपणापासूनची. भांडुपमधलं एक जुनं पॅटर्न शॉप बंद होतंय. तिथला मालक तीन मशीनं विकतोय : वॉडकिनचं बारा इंची रंधा मशीन, रॉबिन्सनचा तीस इंची बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीची करवत) आणि एक लाकडाचा लेथ. तिन्हींचं वजन दोन टनांच्या आसपास आहे म्हणतो आणि २ लाख ४० हजार मागतो. वसईला मावसभावाचा तळमजल्यावर गाळा आहे. महिना १४ हजारांत द्यायला तो तयार आहे. मशीनं स्वतः दुरुस्त करायची, हौस भागवायची आणि थोडी बाहेरची कामं घ्यायची असा बेत आहे. पाच लाखांची एफडी मोडू का? अशा मशीनांची किंमत वाढतच जाते, म्हणजे ही गुंतवणूकच, असं मला वाटतं. बायको म्हणते, भंगारात पैसे घालू नका. घरखर्च ७० हजार. बायको महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे, हातात ६२ हजार येतात, नोकरी अजून नऊ वर्षं आहे. व्हीआरएस आणि पीएफचे मिळून ४४ लाख गुंतवलेत, ही एफडी त्यातलीच. मुलीच्या इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची अडीच लाख फी भरायची आहे. मार्चमध्ये १ लाख ६० हजारांची आरडी सुटते.

उत्तर : तिन्ही मशीनं घेऊ नका. घ्यायचाच तर एकटा बँडसॉ घ्या, तोही आरडीच्या पैशांतून. एफडीला हात लावू नका आणि वसईचा गाळा तर मुळीच घेऊ नका.

आधी वहिनींच्या आक्षेपाबद्दल. हे भंगार नाही. लेस्टरची वॉडकिन कंपनी १८९७ साली सुरू झाली आणि पॅटर्नमेकरांच्या मशीनांत तिचं नाव मोठं होतं. रॉचडेलची रॉबिन्सनही तशीच. बिडाचा जाड बेड, घसघशीत वजन, त्यामुळे चालताना थरथर नाही. आज त्या पैशांत पत्र्याच्या सांगाड्याचं नवं मशीन मिळतं आणि त्याला ही सर येत नाही. तुमचा डोळा चुकलेला नाही, हिशेब चुकलाय.

गुंतवणुकीचा मुद्दा लगेच निकालात काढतो. जुन्या बिडाला भंगारात किलोमागे तीस-चाळीस रुपये येतात असं धरलं, तर दोन टनांचे साठ ते ऐंशी हजार होतात. हा तुमचा तळ. त्याच्या वरचे दीड-पावणेदोन लाख तुम्ही मशीन चालतं म्हणून देताय, आणि ते परत मिळायचे तर उद्या तुमच्यासारखाच दुसरा शौकीन भेटायला हवा. मुंबईत असे शौकीन आहेत, पण त्यांचा बाजार नाही. फर्निचरच्या कारखानदाराला आज प्लाय, एमडीएफ आणि लॅमिनेट कापायचं असतं. त्याला फळ्या सरळ कापणारा पॅनेल सॉ हवा, कडांना पट्टी चिकटवणारं एज बँडिंग हवं. अख्खं सागवान रंधणारं मशीन त्याच्या उपयोगाचं नाही. शिवाय व्याज नाही, भाडं नाही, डिव्हिडंड नाही. ज्या वस्तूला ग्राहक कधी येईल हे सांगता येत नाही, तिच्यात घातलेले पैसे खर्च म्हणूनच लिहावेत. हौसेला खर्च करायला माझी हरकत नाही. त्याला गुंतवणूक म्हटलं की हात सैल सुटतो, तिथे हरकत आहे.

आता खरा आकडा. तुमच्या पत्रात गाळ्याचा उल्लेख एका ओळीत आलाय, मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. १४ हजार भाडं. वीज दोन हजार धरू, कारण मशीन बंद असलं तरी स्थिर आकार भरावाच लागतो. महिना १६ हजार, वर्षाला १ लाख ९२ हजार. भाडं एक रुपयाही वाढलं नाही तरी पाच वर्षांत ९ लाख ६० हजार. मशीनांचे २ लाख ४० हजार, हायड्रा क्रेन, टेम्पो आणि माथाडींचे ३५ हजार, दुरुस्तीचे निदान ९० हजार. एकूण सव्वातेरा लाख. म्हणजे तुम्ही ज्या किमतीवर घासाघीस करताय ती एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे. मालकाने वीस हजार सोडले काय आणि न सोडले काय.

त्यात मुलुंडहून वसई. लोकलने गेलात तर दादरला उतरून पश्चिमेची गाडी, गाडीने गेलात तर घोडबंदर रोड. तो रस्ता कधी किती वेळ खाईल हे रोज जाणाऱ्यालाही सांगता येत नाही. पहिले दोन महिने उत्साहात जाल. पावसाळ्यात रविवार चुकायला लागतील आणि उघड्या बिडाला वसईच्या दमट हवेत गंज चढेल. समजा, नेमाने आठवड्यातून दोन दिवस गेलात आणि दर वेळी पाच तास काम केलंत. महिन्याला चाळीस तास होतात, म्हणजे तासाला ४०० रुपये नुसतं जागेचं भाडं आणि वीज. लाकूड, ब्लेड, प्रवास वेगळा. एवढ्याशा कामाची फळी कुठल्याही कारखान्यातून मजुरी देऊन रंधून आणता येते.

हे तुमच्या ४४ लाखांच्या शेजारी ठेवून पाहा. आज घरखर्चाला महिना ८ हजार कमी पडतात, वर्षाला ९६ हजार. म्हणजे तुम्ही जमा रकमेतून दरसाल सव्वादोन टक्के काढताय. हे झेपणारं आहे, रक्कम वाढत राहील. गाळा घेतलात की हाच आकडा २ लाख ८८ हजारांवर जातो, साडेसहा टक्क्यांवर. बँकेच्या व्याजाइतका. सगळं व्याज खर्च आणि मुद्दल जिथल्या तिथे, तेही महागाई आणि मुलीची फी बाजूला ठेवून. नऊ वर्षांनी वहिनींचा पगार थांबेल, तेव्हा आजचे ४४ लाख आजच्यासारखे भासणार नाहीत. ‘ईपीएसचं, म्हणजे पीएफबरोबरचं पेन्शन आताच सुरू कर, भाडं सुटेल’ असं कोणी सुचवेल. ते करू नका. ५८ च्या आधी घेतलं तर दर वर्षामागे ४ टक्के कापले जातात, आणि ती कपात कायमची.

एफडीबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज आहे, की मोडताना दंड बसतो म्हणून ती मोडू नये. दंड किरकोळ असतो. जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा दर आणि त्यातून बहुधा अर्धा-एक टक्का कमी. तुमची अडचण वेगळी आहे. फीचे अडीच लाख बाजूला काढले की या पाच लाखांतून उरलेले अडीच लाखच अडीअडचणीला हाताशी राहतात, आणि कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम व्हीआरएसबरोबर गेलाय असं मी धरून चालतो. स्वतःचा आरोग्य विमा काढला नसेल तर बँडसॉच्याही आधी तो काढा.

बाहेरच्या कामांचं म्हणाल तर पाय, खांब, जुन्या फर्निचरचे तुटलेले भाग यांना मुंबईत गिऱ्हाईक आहे. पण भाडं-वीज फेडूनच महिना १६ हजार जातात. वर १० हजार उरवायचे तर लाकूड आणि ब्लेड धरून ३५-४० हजारांचं काम दर महिन्याला यायला हवं. तो धंदा झाला, हौस राहिली नाही. जीएसटीची काळजी मात्र सोडा, मजुरीच्या कामाची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, तुम्ही तिच्या जवळपासही जाणार नाही.

बँडसॉच का? तीन मशीनांत तो सगळ्यात क्षमाशील. दोन चाकं, चाकांवरचं रबर, बेअरिंगं, गाइड आणि मोटर. यातलं काहीही बिघडलं तरी मोजक्या खर्चात उभं राहतं. रंध्याचं तसं नाही. त्याची सगळी किंमत बेडच्या सपाटपणात असते, आणि बेड वाकला असेल तर ग्राइंडिंगला एवढा मोठा बेड घेणारा शोधून पैसे मोजावे लागतात. त्याचा कटर ब्लॉक (पाती बसवलेला फिरता दांडा) गोल नसून चौकोनी असेल तर ते मशीन फुकटातही नको. त्या ब्लॉकने बोटं पार तुटतात. लेथ चांगला असेल, पण लेथ पुन्हाही मिळतात.

बघायला जाल तेव्हा सोबत एक जुना फिटर न्या. बिडाच्या सांगाड्याला छोट्या हातोडीने ठिकठिकाणी ठोका. अखंड बीड खणखणतं, तडा असेल तिथे आवाज बद्द येतो. रंगाखाली पितळी रेघ दिसली तर तिथे ब्रेझिंग केलेलं, म्हणजे तडा पितळेने सांधलेला आहे, भाव पाडायला तेवढं पुरे. वरचं चाक हाताने फिरवा आणि काठ धरून पुढे-मागे हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलंय, किंवा फार जुना नमुना असेल तर व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूचं बुश झिजलंय. बेअरिंग इंचाच्या मापाचं निघालं तर नागदेवी स्ट्रीटला विचारा. तिथे मिळालं नाही तर टर्नरकडून बुश करून घ्यावं लागेल, तो खर्च आधीच धरा. नट व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे असतील, मिलिमीटरचे पाने लावून त्यांची डोकी गोल करू नका. व्हिटवर्थ पाने चोर बाजारात स्वस्तात मिळतात. मोटरच्या प्लेटवर थ्री फेज ४००-४४० व्होल्ट असणार. भांडुपमध्ये कनेक्शन चालू आहे तोवर ती चालवूनच बघा. गाळ्याची वीज तुटली की मोटर बघायची संधी गेली.

भावाचं : एकट्या बँडसॉला भंगाराचे वीस-पंचवीस हजार येतील. ४५ हजारांपासून सुरुवात करा आणि ६० च्या पुढे जाऊ नका. मालकाला जागा रिकामी करायची आहे, घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. वाहतुकीचे १५ हजार आणि दुरुस्तीचे ३० हजार धरून सगळं मिळून लाखाच्या आसपास बसतं, आरडी पुरून उरते.

ठेवायचा कुठे? तुम्ही पुढे विचारलं नसलं तरी बंद केलेल्या बाल्कनीचा विचार मनात आला असेलच, म्हणून सांगतो. राहत्या खोल्यांची स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराच्या भारासाठी धरलेली असते. सहा-सातशे किलोचा बँडसॉ जेमतेम एक चौरस मीटरवर उभा राहतो. सोसायटीची परवानगी आणि दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा हे त्यानंतरचे प्रश्न.

त्यापेक्षा भांडुपमध्येच, त्याच इस्टेटमध्ये फिरा. किंवा वागळे इस्टेटमध्ये. एखाद्या छोट्या फर्निचरवाल्याला वळणदार कापासाठी बँडसॉ हवाच असतो, विकत घ्यायची ऐपत नसते. मशीन तुमचं, जागा आणि थ्री फेज त्याचं. तो आठवडाभर वापरेल, शनिवार-रविवार तुमचा. भाडं शून्य. माझ्या एका अशिलाने लेथसाठी असंच केलं, आणि आता कारखान्याची मुलंच त्याच्या मशीनची तेलपाणी करतात. फक्त साध्या कागदावर, सीरियल नंबर आणि फोटोसकट, मशीन तुमच्या मालकीचं आहे हे त्याच्या सहीने लिहून घ्या. त्याचं भाडं थकलं तर जागामालक तुमच्या मशीनवर कुलूप लावील. अशी जागा सापडली नाही तर बँडसॉही सोडून द्या.

वसईच्या मावसभावाला नकार देणं जड जात असेल, तर भीड मोडण्याची किंमत एका फोनची आहे. फारच आग्रह झाला आणि जागा घेतलीच, तर अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स करा आणि नोंदवा. नात्यात असलं तरी महाराष्ट्रात नोंदणी बंधनकारक आहे.

वैयक्तिक अपघात विमा काढताना लाकूडकामाची मशीनं चालवता हे प्रस्तावात लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण लपवलेलं बोटाच्या दाव्याच्या वेळी बाहेर येतं. धुळीसाठी चांगला मास्क आणि डस्ट कलेक्टरही खर्चात धरा. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेली आहे.

आणि पैसे देण्याआधी एक गोष्ट मालकाला स्पष्ट विचारा : मशीनांवर बँकेचं कर्ज आहे का? बंद पडत चाललेल्या कारखान्यांची यंत्रं कॅश क्रेडिटपोटी, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जापोटी हायपोथिकेट (तारण) केलेली असतात. भागीदारी असेल तर दुसऱ्या भागीदाराचीही सही हवी. बँकेचा ना हरकत दाखला किंवा कर्ज फिटल्याचं पत्र बघितल्याशिवाय इसार देऊ नका. बिल घ्या, पैसे चेकने किंवा यूपीआयने द्या, आणि मोठा हप्ता मशीन टेम्पोत चढल्यावर.