मोफत, मुक्त की खुले? आणि तो स्रोतातला 'त'

सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात संगणक शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे लिनक्स या संगणक प्रणालीची दोन दिवसांची कार्यशाळा भरते आहे आणि पत्रक मराठीत काढायचे ठरले आहे. 'फ्री अँड ओपन सोर्स सॉफ्टवेअर' यासाठी बाईंनी 'मोफत व खुले सॉफ्टवेअर' असे लिहिले. सहकाऱ्याने ते खोडून 'मुक्तस्त्रोत' केले. छापखान्यातून प्रूफ आले त्यात शब्द तुटून 'मुक्त स्रोत' झाला होता आणि 'स्त्रो'मधला 'त' गायब होता. या तिन्हींतले बरोबर कोणते, असे त्या विचारतात.

आधी उत्तर देतो, कारण पत्रक छापायला जायचे आहे. 'मुक्तस्रोत' लिहा, जोडून आणि 'त' न घालता. 'मोफत' तेवढा काढा. 'खुले' चूक नाही, पण त्यात अर्थ पुरता मावत नाही. आता कारणे.

'फ्री' हा शब्द मराठीत आला तो दोनच अर्थ घेऊन. 'एकावर एक फ्री' आणि 'संध्याकाळी फ्री आहेस का?' पहिला पैशाचा, दुसरा वेळेचा. इंग्रजीत त्याचा तिसरा अर्थ आहे, स्वातंत्र्याचा, आणि फ्री सॉफ्टवेअरवाल्यांना नेमका तोच हवा आहे. तो आपल्याकडे या शब्दासोबत आलाच नाही. त्यामुळे मराठी माणसाच्या कानावर 'फ्री सॉफ्टवेअर' पडले की 'फुकट' हाच अर्थ पोचतो, आणि भाषांतर करताना हात आपोआप 'मोफत'कडे जातो.

यात बाईंना दोष देता येणार नाही, कारण या शब्दाने त्याच्या जनकालाही चकवले आहे. अमेरिकी प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू या संगणक प्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली. ही प्रणाली आपण सर्वांना 'फ्री' देऊन टाकणार आहोत, अशी तिची भाषा होती. पुढे ग्नूच्या जाहीरनाम्याला तळटीप जोडून त्यांनी कबूल केले की इथली शब्दयोजना निष्काळजी होती. वापरण्याच्या परवानगीसाठी कुणाला पैसे मोजावे लागू नयेत एवढेच म्हणायचे होते, प्रत फुकट वाटण्याचे वचन दिलेले नव्हते. प्रत ते विकतही होते. १९८५ साली त्यांच्या ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमची टेप १५० डॉलरला मिळत असे. तेव्हापासून इंग्रजीत समजावून सांगावे लागते की हा 'फ्री' भाषणस्वातंत्र्यातला घ्या, फुकटच्या बिअरमधला नको. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये हा खुलासा लागत नाही. तिथे 'लिब्र' वेगळा आणि 'ग्रातुई', 'ग्रातिस' वेगळा. मराठीतही लागत नाही! 'मोफत' आणि 'मुक्त' हे दोन स्वच्छ वेगळे शब्द आपल्याजवळ कधीचे आहेत. इंग्रजीला जी फोड करता आली नाही ती आपल्याला आयती मिळाली आहे. 'मोफत' लिहून आपण ती हातची घालवतो, आणि मला याचे मनापासून वाईट वाटते.

फरक डोळ्यांसमोर आणायचा तर नाटकाकडे पाहा. नाटकाची संहिता असते आणि त्या संहितेचा प्रयोग होतो. संगणकावर चालते तो प्रयोग आणि प्रोग्रॅमरने लिहिलेला सोर्स कोड ही संहिता. फलकावर 'प्रवेश विनामूल्य' असे लिहिले की तुम्हाला प्रयोग पैसे न देता पाहायला मिळतो. म्हणून संहिता हातात येत नाही, आली तरी त्यातले संवाद बदलता येत नाहीत, आणि गावच्या हौशी मंडळाला तो प्रयोग लावायचा तर लेखकाची परवानगी घेऊन मानधन द्यावे लागतेच. आता उलट कल्पना करा. लेखक म्हणतो, ही घ्या संहिता; प्रयोग कुठेही, कोणत्याही कारणासाठी लावा; वाचा, अभ्यासा, बदला; प्रती काढून वाटा; बदललेल्या संहितेच्याही वाटा. शिवाय तिकीट लावायचे असेल तर खुशाल लावा. स्टॉलमन यांनी फ्री सॉफ्टवेअरच्या व्याख्येत सांगितलेल्या चार गोष्टी त्या याच. प्रोग्रॅमरांच्या सवयीप्रमाणे त्यांचे क्रमांक शून्यापासून तीनपर्यंत आहेत. तिकिटाचा दर त्या चारांत कुठेच येत नाही.

म्हणून 'मोफत' दोन्ही बाजूंनी चुकतो. लिनक्सवर गूगलचे क्रोम एक पैसा न देता मिळते, पण ते मुक्त नाही. ज्याच्यावर ते उभे आहे ते क्रोमियम मुक्त आहे. दुसरीकडे रेड हॅट ही कंपनी मुक्त सॉफ्टवेअरभोवतीच्या सेवेचे पैसे घेऊनच मोठी झाली. २०१९ साली आयबीएमने तिच्यासाठी सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजले.

या शब्दाने प्रत्यक्ष काय घोटाळा होतो तो मी पाहिला आहे. एका डिस्ट्रोच्या, म्हणजे लिनक्सच्या एका तयार संचाच्या, मराठी भाषांतराची फाइल तपासत होतो. इंग्रजी ओळीत 'नॉन-फ्री सॉफ्टवेअर' होते आणि खाली भाषांतरकाराने लिहिले होते 'सशुल्क सॉफ्टवेअर'. व्याकरण ठीक, शुद्धलेखन ठीक, अर्थ पूर्ण उलटा. कारण खूण करायच्या त्या चौकटीत होते वायफायच्या चिपला लागणारे फर्मवेअर, म्हणजे ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर. ते मिळते पूर्णपणे मोफत, फक्त त्याची संहिता बनवणारी कंपनी देत नाही. आधीच्या आवृत्तीत ती ओळ तशीच गेली होती. एका विद्यार्थ्याने 'सशुल्क' पाहून खूण केली नाही, आणि लॅपटॉपवर वायफाय का लागत नाही म्हणून दोन दिवस डोके खाजवत बसला. मी ती ओळ बदलून 'मुक्त नसलेले सॉफ्टवेअर' केली. 'अमुक्त' सुटसुटीत झाला असता, पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला तो अडखळवतो. दोन शब्द परवडले. डेबियन ही डिस्ट्रो वापरणाऱ्यांना ही विभागणी पाठ असते: मेन, कॉन्ट्रिब, नॉन-फ्री. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, फर्मवेअरसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा चौथा कप्पा निघाला. चारही कप्प्यांतले काहीही उतरवून घ्यायला एक पैसा पडत नाही. तिथे 'फ्री'चा अर्थ 'मोफत' घेतला तर ती विभागणीच निरर्थक ठरते.

आता 'खुले'. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ च्या फेब्रुवारीत क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवले. नेटस्केपने आपल्या ब्राउझरची संहिता खुली करायचे जाहीर केले होते, आणि 'फ्री' म्हटले की कंपन्यांच्या मनात फुकटपणा येतो, तो टाळायचा होता. गंमत पाहा, दुसरे नाव जन्मले तेही पहिल्या शब्दाच्या घोटाळ्यातून. 'ओपन सोर्स'ची व्याख्या मात्र बेतली गेली डेबियनच्या 'फ्री' सॉफ्टवेअरच्या निकषांवरूनच. त्यामुळे दोन्ही नावांखाली येणारे सॉफ्टवेअर जवळपास तेच आहे. फरक आहे तो भूमिकेचा: एक नाव हक्काकडे बोट दाखवते, दुसरे काम करण्याच्या पद्धतीकडे. ज्यांना दोन्ही सांभाळायचे असते ते 'फ्लॉस' म्हणतात, म्हणजे 'फ्री/लिब्रे अँड ओपन सोर्स सॉफ्टवेअर', आणि त्यातला 'ल' 'लिब्रे'चा. लिनक्सवर सगळे वापरतात ते लिब्रेऑफिस तर या शब्दवादाचा जिवंत नमुनाच आहे. २०१० साली ओपनऑफिसमधून वेगळे होताना त्याने 'ओपन' सोडले आणि 'लिब्रे' घेतले.

मराठीत 'खुला' म्हणजे कुणालाही शिरता येईल, पाहता येईल असा. खुले मैदान, खुले अधिवेशन, खुले पत्र. त्यात दिसणे आले, आत येणे आले. घेऊन जाणे आणि बदलणे आले नाही. खुल्या पत्रातला मजकूर बदलून कुणी स्वतःच्या नावाने पाठवत नाही. काही कंपन्या संहिता नुसती वाचायला देतात, वापरावर बंधने ठेवतात. 'खुले' हा शब्द मला अशा सॉफ्टवेअरला जास्त शोभतो. मग 'ओपन'साठी 'मुक्त' चालेल का? चालेल, आणि ते आधीच रुळले आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालचे. इंग्रजी 'ओपन युनिव्हर्सिटी'ला आपण 'खुले विद्यापीठ' म्हटले नाही. आणि 'फ्री व्हर्स'ला 'मुक्तछंद' म्हटले. म्हणजे 'फ्री' आणि 'ओपन' या दोन्ही बाजू एकटा 'मुक्त' पेलतो. मराठी विकिपीडियाही स्वतःला 'मुक्त ज्ञानकोश' म्हणवतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने मुक्त परवान्याखाली देवनागरी टंक काढला त्याचे नाव 'मुक्ता'. 

काही जण 'स्वतंत्र सॉफ्टवेअर' सुचवतात. केरळात तेच चालते; तिथल्या भाषा-संगणन करणाऱ्या गटाचे नावच 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग' आहे. तमिळमध्ये 'कट्टट्र मेन्पोरुळ' म्हणतात, म्हणजे बंध नसलेले सॉफ्टवेअर, फार सुरेख शब्द. पण मराठीत 'स्वतंत्र खोली', 'स्वतंत्र कागदावर लिहा' असे आपण रोज म्हणतो. 'स्वतंत्र सॉफ्टवेअर' वाचून लोक 'वेगळे सॉफ्टवेअर' असेच समजतील. 'मोकळे सॉफ्टवेअर' मला फार आवडले असते, 'मोकळा' हा 'मुक्त'च्याच कुळातला बोलीतला शब्द आहे. पण मोकळी बरणी म्हणजे रिकामी बरणी, तिथे गाडी अडते. त्याची लेक मात्र घ्यावी, 'मोकळीक'. 'बदल करायची मोकळीक आहे', 'वाटायची मोकळीक आहे' हे आजीलाही कळते. व्याख्येतल्या त्या चार गोष्टींना मी चार मोकळिकीच म्हणतो. 'अधिकार' म्हटले की कोर्टकचेरी आठवते.

'मुक्त' वापरताना एक पथ्य मात्र पाळावे लागते. तो आधी आला तर 'स्वतःच मोकळा', आणि मागे चिकटला तर 'त्या गोष्टीपासून सुटलेला'. तंटामुक्त गाव, कर्जमुक्त शेतकरी, प्लास्टिकमुक्त शाळा. तेव्हा 'मुक्तस्रोत' म्हणजे ज्याचा स्रोत मुक्त आहे ते, सरळ बहुव्रीही, म्हणून जोडूनच लिहायचा. 'स्रोतमुक्त' केले तर ज्याला स्रोतच नाही असे होईल. 'मुक्त सॉफ्टवेअर' ही दोन पदे वेगळी ठेवलेली बरी. याच पथ्यातून एक नेहमीची चूक सांगतो. लिनक्स 'प्रताधिकारमुक्त' आहे असे सर्रास छापले जाते. तसे नाही. लिनक्सच्या गाभ्यावर तो लिहिणाऱ्या हजारो जणांचा प्रताधिकार आहे, आणि त्या प्रताधिकाराच्या जोरावरच जीपीएल हा त्याचा परवाना अट घालतो की बदललेली प्रत दुसऱ्याला द्याल तर याच मोकळिकींसकट आणि संहितेसकट द्या. प्रताधिकार सोडून दिला असता तर ही अट घालायला आधारच उरला नसता.

राहिला तो 'त'. मूळ धातू 'स्रु', वाहणे, पाझरणे. त्यावरून स्राव, स्रोत. यांतल्या 'स्र'मध्ये 'त्' कुठेच नाही. आपण मात्र स्त्री, शस्त्र, शास्त्र, वस्त्र इतक्यांदा लिहितो की हात 'स्त्र'वरच पडतो. रक्तस्राव, सहस्र, अजस्र, हिंस्र या सगळ्यांत हा पाहुणा असाच घुसतो. त्याला उच्चाराचेही कारण आहे. 'स'वरून 'र'वर जाताना जीभ दातांमागे क्षणभर टेकते आणि 'त' ऐकू येतो. ही खोड एकट्या मराठीची नाही. इंग्रजीतला 'स्ट्रीम' हा आपल्या 'स्रु'चाच दूरचा भाऊबंद आहे, आणि त्याच्या पोटातला 'ट' असाच मागाहून, याच फटीतून आत आला आहे. तिकडे तो कायमचा राहिला. मराठीच्या प्रमाणलेखनात त्याला जागा नाही.

लिनक्सवर इनस्क्रिप्ट कळफलक लावून पाहा. 'स्र' तीन कळांत होतो: एमच्या कळेवर स, डीवर हलन्त, जेवर र. 'स्त्र'ला पाच कळा लागतात. आणि हा नुसता शुद्धलेखनाचा हट्ट नाही. एकाच भाषांतराच्या फाइलीत दोन्ही रूपे असली की 'स्रोत' शोधणाऱ्याला 'स्त्रोत' सापडत नाही, आणि एकच संज्ञा दोन संज्ञा होऊन बसते. मी फाइल हातात घेतली की पहिल्यांदा 'स्त्रोत' शोधतो. क्वचितच रिकाम्या हाताने परततो.

तर बाई, पत्रकात वर लिहा: 'लिनक्स आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर: ओळख व सराव'. खाली एक ओळ द्या: 'हे सॉफ्टवेअर वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि इतरांना देण्याची मोकळीक सर्वांना आहे.' आणि तुमच्या कार्यशाळेला शुल्क नसेल तर तळाशी 'प्रवेश मोफत' ठळक टाका. तिथे तो शब्द अगदी आपल्या जागेवर आहे.