पगार घरी पोचतो, माणूस पोचत नाही

‘नोकरी बदलू की घर बदलू?’ हा प्रश्न हल्ली माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे सारखा विचारतात. विचारणाऱ्यांची परिस्थिती थोड्याफार फरकाने तीच. परवडणारं घर कामापासून लांब, कामाजवळचं घर आवाक्याबाहेर. रोजचे तीन-चार तास जाण्यायेण्यात जातात आणि एवढं करूनही महिनाअखेरीला हात आखडावाच लागतो. या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा दुसराच प्रश्न दडलेला असतो: ‘सगळ्यांचं भागतं, मग माझंच का भागत नाही?’ आधी हात घालावा लागतो तो त्याला.

एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या आसपास, घरी पत्नी आणि दोन शाळकरी मुलं. एका बाजूचा प्रवास दोन तासांचा, आधी बस, मग ट्रेन. पहिल्या भेटीत त्यांनी पाठीवरची सॅक मांडीवर घेतली आणि पूर्ण वेळ तिच्या पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बोलत राहिले. पैशांचा विषय त्यांनी काढलाच नाही. तक्रार रागाची होती. घरात पाऊल टाकलं की दहा मिनिटांत काहीतरी बिनसायचं. रिकाम्या खोलीतला दिवा चालू का, नवी वही इतक्यात कशी संपली, असं काहीही कारण पुरायचं. “मॅडम, ऑफिसात माझ्याइतका शांत माणूस नाही. घरी आलो की मला काय होतं तेच कळत नाही.”

मी त्यांना घरी पोचण्याआधीच्या अर्ध्या तासाबद्दल विचारलं. ट्रेनमधून उतरल्यावर बसच्या रांगेत उभं राहून ते मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडत. घरभाडं, शाळेची फी, कर्जाचा हप्ता, क्रेडिट कार्ड. रोज तेच आकडे आणि उत्तरही तेच. बसला उशीर झाला की पुन्हा पहिल्यापासून बेरीज. असा माणूस दारात उभा राहिला की त्याला दिवा कुठून दिसणार? त्याला विजेचं बिलच दिसतं.

इथे दोन गाठी एकमेकींत अडकल्या होत्या. प्रवासाची आधी सोडवली, कारण ती सोपी होती. न्यू जर्सीहून मॅनहॅटनला ट्रेनने जाणाऱ्या नोकरदारांचा गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर या मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे. प्रवास जितका लांब तितका ताण जास्त, हे त्यात दिसलंच. पण आज वेळेवर पोचू की नाही याचा भरवसा नसणं हेही ताणाचं मोठं कारण निघालं. मी या गृहस्थांना विचारलं, दोन तासांतला सगळ्यात वाईट भाग कोणता? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “शेवटची बस. दहा मिनिटांचा रस्ता, पण बस कधी येईल देव जाणे.” ट्रेनमधल्या गर्दीबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. गर्दी रोजचीच होती, तिची सवय होते. अनिश्चिततेची होत नाही.

मग परतीच्या वाटेवरचा तो शेवटचा टप्पा त्यांनी पायी जायला सुरुवात केली. जेमतेम अर्धा तास लागतो. घड्याळात काही मिनिटं जास्तच जात असतील, पण ती त्यांच्या हातात असतात, आणि चालताना कॅल्क्युलेटर उघडता येत नाही. (‘प्रवासात पुस्तक वाचा’ असा सल्ला त्यांना बऱ्याच जणांनी दिला होता. एका हाताने दांडी धरून उभं राहिलेल्या माणसाला असा सल्ला देणाऱ्यांनी तो आधी स्वतः आठवडाभर पाळून बघावा.)

हिशेब थांबवा, असं मात्र मी म्हटलं नाही. पैसे खरोखरच कमी पडत असतील तर ‘चिंता करू नका’ म्हणणं म्हणजे समोरच्याची थट्टा आहे. काळजीला वेळ आणि जागा नेमून देण्याची एक जुनी पद्धत आहे. टॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ती मांडली. दिवसातला ठरावीक अर्धा तास, ठरावीक ठिकाणी, काळजीसाठीच राखायचा. इतर वेळी विचार आला की ‘तुझी वेळ संध्याकाळी’ म्हणून त्याला पुढे ढकलायचं. या घरी रोज अर्धा तास निघणं शक्य नव्हतं. मग ठरलं की शनिवारी सकाळी बसायचं, कागद-पेन घेऊन आणि दोघांनी मिळून.

‘दोघांनी’ म्हटल्यावर ते गप्प झाले. क्रेडिट कार्डावर थकबाकी साचली होती, ते दरमहा ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बँक मागते ती किमान रक्कम, तेवढीच भरत होते आणि पत्नीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

पुढच्या भेटीला दोघं आले. तोवर त्यांनी घरी सांगितलं होतं. त्या चिडल्या होत्या, आणि चिडायचा त्यांना पूर्ण हक्क होता. “हे यायची वेळ झाली की मी मुलांना सांगते, पसारा आवरा, बाबांचा मूड बघून बोला. मला वाटायचं, माझाच हात सैल आहे. मी गेले वर्षभर स्वतःसाठी काही घेतलेलं नाही.” वर्षभर दोघंही एकमेकांपासून लपून काटकसर करत होते.

कागदावर आकडे मांडण्यात त्या नवऱ्याहून तरबेज निघाल्या. कार्डाचं दरमहा ३ टक्के व्याज म्हणजे वर्षाला ३६ टक्के असं ते धरून चालले होते. चक्रवाढीने ते ४२ टक्क्यांच्या वर जातं हे पत्नीने करून दाखवलं. बाकी सगळं सोडून आधी कार्ड फेडायचं, हा निर्णय तिथेच झाला. दुसरी गोष्ट पगारवाढीची. पगार ५ टक्क्यांनी वाढला आणि घरखर्च ८ टक्क्यांनी, तर खरा पगार घटलेलाच असतो. घरात कुणी उधळपट्टी केलेली नसताना पैसे का पुरत नाहीत, याचं उत्तर या वजाबाकीत होतं. ते समजल्यावर त्यांनी स्वतःला बोल लावणं बरंच कमी केलं. समजुतीच्या चार शब्दांनी एवढं झालं नसतं.

मग लांबच्या ‘स्वस्त’ घराचा हिशेब निघाला. भाड्यात वाचणाऱ्या रकमेसमोर त्यांनी पास, उशीर झाला की केलेली टॅक्सी आणि मुलांचा अभ्यास घ्यायला वेळ नाही म्हणून लावलेली शिकवणी लिहिली. शेवटी तास लिहिले: रोजचे ४, महिन्याला २२ दिवस, म्हणजे ८८. आठ तासांचे अकरा दिवस. अलोइस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांना जर्मनीतल्या कुटुंबांच्या पाहणीत हेच आढळलं होतं. लांबच्या प्रवासाची भरपाई स्वस्त घरातून किंवा जास्त पगारातून होत असेल असं आपण धरून चालतो, पण लांबून येणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात.

तरीही मी ‘घर बदला’ असं सुचवलं नाही. तो माझा प्रांत नाही, आणि थकलेल्या माणसाने रविवारी रात्री असे निर्णय घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्या रात्री कुठलीही नोकरी सोडण्यासारखीच वाटते. आणखी एक गोष्ट मी अशा प्रत्येकाला विचारते, त्यांनाही विचारली. आठवड्यामागून आठवडे झोप उडाली आहे का, दारूचं प्रमाण वाढलंय का, ‘मी नसलो तर बरं’ असं मनात येतं का? यातलं काहीही असेल तर जमाखर्चाची वही बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायला हवा. ते इथवर गेलेले नव्हते.

मोठ्या मुलीचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत आहे तिथेच राहायचं, असं दोघांनी ठरवलं. त्यांनी ऑफिसात आठवड्याचे दोन दिवस घरून काम मागितलं, एक मिळाला. बुधवार. कार्डाची थकबाकी हळूहळू उतरते आहे. राग पूर्ण गेलेला नाही, पण आता तो दारात उसळत नाही. घरी आल्यावर पहिली पंधरा मिनिटं पैशांबद्दल कुणी बोलायचं नाही, हा नियम मुलीने केला आणि तीच तो सगळ्यांकडून पाळून घेते.

घराचा प्रश्न अजून तसाच आहे. ऑफिसजवळ एक खोली कमी असलेलं घर त्यांना चालेल, त्यांच्या पत्नीला चालणार नाही. सासूबाई वर्षातले काही महिने त्यांच्याकडे असतात, त्यांनी झोपायचं कुठे? पुढच्या भेटीत त्यावर बोलायचं आहे, आणि सासूबाईंनाही बोलवावं असं मी सुचवलं आहे.