एसएपी म्हणजे कंपनीची विक्री, खरेदी, पगार सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्यावरचं एक्स्टेन्शन (आपण वरून जोडलेला कोड) किंवा एआय प्रकल्प पायातच चुकलाय, हे लवकर कसं ओळखायचं?

कोडची सफाई नंतर बघा. आधी विचारा, आपला कोड मूळ सिस्टीमच्या टेबलांत थेट हात घालतो का? ईसीसीमध्ये, म्हणजे एसएपीच्या जुन्या आवृत्तीत, सेल्स ऑर्डरची स्थिती व्हीबीयूके आणि व्हीबीयूपी या टेबलांत असायची. नव्या एस/४ हानामध्ये ती व्हीबीएके, व्हीबीएपीमध्ये गेली. जुनी टेबलं थेट वाचणारा कोड मग शोधशोधून बदलावा लागतो. एसएपीने खुल्या केलेल्या एपीआयवर (बाहेरच्या कोडसाठी दिलेल्या अधिकृत वाटांवर) राहिलात तर हे दुखणं बरंच टळतं. दर अपग्रेडला एसपीएयूची यादी (मूळ कोडमध्ये केलेले, पुन्हा जुळवावे लागणारे बदल) लांबत असेल, तर धोका समजा.

एआयमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी परवानग्यांची वाटते. चॅटबॉटसाठी पगाराचा, खरेदीचा डेटा बाहेर व्हेक्टर डेटाबेसमध्ये (अर्थावरून माहिती शोधणाऱ्या साठ्यात) कॉपी होतो आणि एसएपीतली ऑथरायझेशन्स मागेच राहतात. मग कोणीही विचारावं आणि कुणाचाही पगार कळावा! डेमोत हे दिसत नाही, कारण डेमो बहुतेकदा ॲडमिनच्या लॉगिनवर चालतो. साध्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनने तोच प्रश्न विचारून बघा. आणि हो, मॉडेलची सेवा बंद असताना ऑर्डर सेव्ह होते का, हेही तपासा.